शब्दांचा पूर्ण पत्ता

मांजरसुंबा हे गाव आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे ते तेथल्या चौरस्त्यामुळे. बीडहून धाराशिव-सोलापूरकडे जाणारा रस्ता आणि पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता तेथे एकमेकांना छेदतात. गाडी बदलणारा, घटकाभर चहाला थांबणारा, पुढची एसटी केव्हा म्हणून विचारणारा माणूस तेथे नेहमीचाच. परंतु महाराष्ट्रात मांजरसुंबा नावाचे गाव हे एकच नाही, बरं का! अहिल्यानगर जिल्ह्यात डोंगरगणजवळ दुसरे मांजरसुंबा आहे आणि तेथे एक जुना गड आहे.

आता अशी कल्पना करा, की पुण्यात बसलेल्या एका गृहस्थाने मोबाइलवर नुसता 'मांजरसुंबा' एवढाच शब्द टाकला. त्याला गड चढायला जायचे आहे, की अंबाजोगाईला जाताना वाटेत जेवायचे आहे, की तेथे त्याचे कोणी सोयरे राहतात, हे त्या यंत्राला कसे कळावे? ते बिचारे अंदाज बांधते आणि दोन्ही गावांची थोडीथोडी माहिती पुढे टाकते. तोच गृहस्थ जर 'बीडचे मांजरसुंबा ते अंबाजोगाई एसटी किती वाजता' असे विचारील, तर यंत्राला अंदाज बांधण्याचे कारण उरत नाही. शब्द वाढले, पण घोळ कमी झाला.

अशा लांब आणि नेमक्या शोधवाक्याला इंग्रजीत 'लाँग टेल कीवर्ड' म्हणतात. कीवर्ड म्हणजे शोधशब्द आणि लाँग टेल म्हणजे लांब शेपूट. मांजरसुंब्याच्या नावातच मांजर आहे, तेव्हा शेपटीची गोष्ट तेथूनच सुरू केलेली बरी! आपला माल, आपली शाळा, आपले गाव यांची माहिती शोधणाऱ्याला सहज सापडावी म्हणून ती नीट मांडण्याची जी विद्या आहे, तिला 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन' असे भारदस्त नाव आहे. नाव भारदस्त असले तरी आतली गोष्ट साधी आहे आणि खेड्यातल्या माणसाच्या हिताची आहे. मोठ्या, आखूड शब्दावर पुढे यायचे तर पैसा आणि नावलौकिक लागतो. लांब, नेमक्या प्रश्नाला मात्र खरी माहिती लागते, आणि ती माहिती पुष्कळदा आपल्यापाशीच असते. आजच्या भाषणात मला एवढेच सांगायचे आहे.

प्रथम टपालाचे उदाहरण घेऊ. 'पाटील, जिल्हा बीड' एवढाच पत्ता लिहिलेले पत्र पोस्टमनने कोणाच्या हातात द्यावे? एकाच नावाची अनेक गावे आणि निरनिराळ्या भाषांत लिहिलेले पत्ते यांमुळे टपाल खात्याची तारांबळ उडत असे. त्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकड्यांचा पिनकोड सुरू झाला. तो ज्यांनी सिद्ध केला ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. या पिनकोडाची रचना पाहण्यासारखी आहे. पहिला आकडा ४ लिहिला, की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या टापूत आले. पुढचे दोन आकडे लिहिले, की टापू आणखी लहान झाला. शेवटच्या तीन आकड्यांनी नेमकी टपालकचेरी ठरली. प्रत्येक आकड्यासरशी पत्र आपल्या दाराच्या जवळ येते.

शोधवाक्यातला प्रत्येक शब्द हेच काम करतो. ते कसे, हे कळण्यासाठी एखाद्या जाड ग्रंथाच्या शेवटी असलेली शब्दसूची आठवा. तेथे शब्दापुढे पृष्ठांक दिलेले असतात. शोधयंत्राने जगातल्या असंख्य पानांची अशीच एक प्रचंड सूची आधीच करून ठेवलेली असते. आपण 'सीताफळ' म्हणालो, की ते सीताफळाची सगळी पाने काढते. 'सीताफळ पिठ्या ढेकूण' म्हणालो, की ज्या पानांवर दोन्ही गोष्टी आहेत ती पाने पुढे येतात. 'सीताफळ पिठ्या ढेकूण उपाय मराठीत' म्हणालो, की चाळण आणखी बारीक होते. हजारो पानांची रास चाळता चाळता पसाभर उरते.

ही चाळण लावताना सगळे शब्द सारख्या वजनाचे धरत नाहीत. ज्या १९७२ साली आपल्याकडे पिनकोड आला, आणि जे साल दुष्काळाचे म्हणून मराठवाडा कधी विसरणार नाही, त्याच साली केंब्रिजच्या विदुषी कॅरेन स्पार्क जोन्स यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की जो शब्द थोड्या कागदांत सापडतो त्याचे वजन अधिक धरावे आणि जो जिकडे तिकडे सापडतो त्याचे कमी. 'फळ' हा शब्द अक्षरशः लाखो पानांवर असेल, 'सीताफळ' त्याहून कमी पानांवर, आणि 'धारूर-६' हे सीताफळाच्या वाणाचे नाव तर अगदी मोजक्या पानांवर. म्हणून ज्याने 'धारूर-६' विचारले, त्याला काय पाहिजे हे यंत्राला लवकर उमगते. आजची शोधयंत्रे यापलीकडे पुष्कळ गोष्टी पाहतात. पान किती विश्वासाचे आहे, किती ताजे आहे, विचारणारा कोणत्या गावी बसला आहे, हे सारे ती पाहतात. पण दुर्मीळ शब्दाला मोल अधिक, ही जुनी दृष्टी अजून कामाची आहे.

आता ही शेपूट कोठून आली ते सांगतो. ख्रिस अँडरसन या अमेरिकन संपादकाने ऑक्टोबर २००४ मध्ये 'वायर्ड' मासिकात एक लेख लिहिला. पुस्तके आणि गाणी यांच्या विक्रीचा आलेख काढला तर सुरुवातीला थोड्या लोकप्रिय वस्तूंचा उंच सुळका दिसतो आणि पुढे कमी खपाच्या अगणित वस्तूंची बुटकी, पण कोठवर तरी लांबत जाणारी रेघ दिसते. ही रेघ म्हणजे शेपूट. एकेक वस्तू थोडी खपते, पण साऱ्यांची बेरीज मोठी होते, हे त्याने दाखवून दिले. शोधांचेही तसेच आहे. 'हवामान', 'निकाल', 'बाजारभाव' असे काही शब्द रोज असंख्य लोक टाकतात. बाकीचे लाखो प्रश्न दिवसातून एखाद्यानेच विचारलेले असतात. गूगल कंपनीने वेळोवेळी सांगितले आहे, की रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध तिच्याकडे पूर्वी कधीच आलेले नसतात. म्हणजे माणसे रोज नवे प्रश्न विचारतात, आणि त्या प्रश्नांवर अजून कोणाची मालकी बसलेली नसते.

आपल्या बालाघाटातल्या सीताफळापाशी हे सारे आणून पाहू. हे फळ आपल्या डोंगरउतारावर पिढ्यान्‌पिढ्या आहे. 'बीड सीताफळ' या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाईला सीताफळाचे संशोधन केंद्र आहे. एवढे सारे असूनही फळाचा स्वभाव मोठा घाईचा! झाडावरून उतरवले, की दोन-चार दिवसांत ते मऊ पडते, आणि मऊ पडले की त्याला दूर पाठवता येत नाही. म्हणून बाग पिकायला लागली की शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. गिऱ्हाईक आज सापडले तर भाव; परवा सापडले तर दारात आलेला व्यापारी सांगेल तो भाव. गिऱ्हाईक सापडणे हा येथे पोटापाण्याचा प्रश्न आहे.

अशा बागाईतदाराच्या मुलाने ठरवले, की आपण आपल्या मालाचे एक पान इंटरनेटवर काढू. पानाला मथळा काय द्यावा? तो बहुधा 'सीताफळ' असा देईल, किंवा 'उत्तम सीताफळ' असा. पण 'सीताफळ' या एका शब्दावर आधीच विकिपीडिया बसला आहे, वर्तमानपत्रे बसली आहेत, मोठमोठी दुकाने बसली आहेत. त्या गर्दीत मांजरसुंब्याजवळच्या एका बागेचे पान दिसणार कोठे? जत्रेत उभे राहून 'अहो पाटील' अशी हाक मारावी तशातलाच तो प्रकार. शंभर माणसे वळून पाहतील, पण पाहिजे तो पाटील वळेलच असे नाही.

तेव्हा मथळ्याआधी प्रश्नांकडे वळावे. सीताफळाबद्दल माणसे खरोखर काय विचारतात? कोणी विचारतो, 'सीताफळ घरी लवकर पिकवायचं कसं?' कोणी विचारतो, 'बालानगर आणि धारूर-६ यांत फरक काय?' दुसरा विचारतो, 'सीताफळाचा गर शिजवला की कडू का होतो?' एखादी आई विचारते, 'सीताफळाची बी मुलानं गिळली तर काय करावं?' आणि पुण्याचा एखादा गिऱ्हाईक विचारतो, 'बीडचं सीताफळ शेतकऱ्याकडून थेट पेटीनं कुठं मिळेल?' या प्रश्नांचे दोन वर्ग पडतात. काहींना नुसते समजून घ्यायचे असते; काहींना विकत घ्यायचे असते. शेवटचा प्रश्न महिनाभरात दहाच माणसांनी विचारला असेल. पण ती दहा माणसे पिशवी घेऊन निघालेली आहेत! 'सीताफळ' हा नुसता शब्द टाकणाऱ्या हजारांत शाळेचा निबंध लिहिणारी मुले किती आणि गिऱ्हाईके किती, कोणी सांगावे?

म्हणून त्या मुलाने पानावर असे काही लिहावे: 'बीड तालुक्यात मांजरसुंब्याजवळ आमची सीताफळाची बाग आहे. फळाचे डोळे उघडून मधल्या रेघा पिवळसर झाल्या, की फळ कडक असतानाच आम्ही उतरवतो. एका पेटीत एवढी फळे बसतात आणि त्यांचे वजन एवढे भरते. उतरवल्या दिवशी संध्याकाळी पेटी गाडीत पडते. पुण्यात पोचल्यावर फळ कागदात गुंडाळून ठेवावे. मऊ झाले की त्याच दिवशी खावे. हंगाम संपला की या पानावर तसे लिहू.' यात एकही अलंकार नाही. पण गाव आहे, तालुका आहे, फळ आहे, तोडणीची खूण आहे, पेटी आहे, पुणे आहे. शोधणाऱ्याच्या लांबलचक प्रश्नातला प्रत्येक शब्द येथे आपोआप येऊन बसला, कारण लिहिणाऱ्याने गिऱ्हाइकाला जे सांगायला हवे तेच सांगितले. मोठ्या दुकानाला हे लिहिता येत नाही. त्याला आपल्या झाडाखाली काय चालले आहे ते ठाऊकच नसते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. मानांकन मिळालेल्या मालाचे नाव तो शिक्का म्हणून वापरायचे, तर उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करून घ्यावी लागते. ती केलेली नसेल, तर 'आमची बाग बीड जिल्ह्यात आहे' एवढे खरे तेच लिहावे आणि मानांकनाचा दावा करू नये.

हे प्रश्न सापडायचे कसे? त्याला फार विद्या लागत नाही. एक वही घाला. फोनवर, बाजारात, नाक्यावर माणसे जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवा. आपल्या शब्दांत सुधारून लिहू नका, कारण उद्या दुसरा माणूस तसाच बोलणार आहे. मग शोधयंत्राच्या रकान्यात पहिले दोन शब्द लिहून थांबा. यंत्र स्वतःच पुढची वाक्ये सुचवते. ती वाक्ये इतरांच्या शोधांवरून आलेली असतात. पानाच्या मध्ये किंवा तळाशी संबंधित प्रश्नही दिसतात. तेही वहीत उतरा. शोधांचे आकडे दाखवणारी साधने असतात, पण लांब मराठी वाक्यापुढे ती बहुधा शून्यच दाखवतात. त्या शून्याने नाउमेद होऊ नये. तुम्हाला महिन्यात पाच माणसांनी तोंडी विचारलेला प्रश्न खराच आहे, साधनात त्याची नोंद असो वा नसो.

आता आपल्या मराठीच्या काही खास अडचणी आहेत, त्या इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाहीत. पहिली अडचण नावांची. मांजरसुंबा हे नाव कोणी 'मांजरसुंभा' असेही लिहितो. बीड हे नाव रोमन लिपीत कोणी दोन 'ई' घालून लिहितो, कोणी 'आय' घालून, आणि जुन्या कागदपत्रांत तर ते 'भीर' असे सापडते. अंबाजोगाईला जुने लोक मोमिनाबाद म्हणत. उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, अहमदनगरचे २०२४ साली अहिल्यानगर झाले. पण शोधणाऱ्यांपैकी कित्येकांच्या बोटांना जुन्याच नावांची सवय आहे. म्हणून पानावर एकदा, ओघात, 'अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर' असे लिहून टाकावे. वाचणाऱ्याला ते खटकत नाही आणि शोधणाऱ्याला वाट मिळते.

दुसरी अडचण व्याकरणाची. शिक्षक बंधुभगिनींना हे ठाऊकच आहे, की मराठीत नामाला प्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते. मांजरसुंबा, मांजरसुंब्याला, मांजरसुंब्याहून. सीताफळ, सीताफळे, सीताफळाची. माणसाला ही एकाच घरातली भावंडे वाटतात, यंत्राला मात्र ती ओळखायला शिकावे लागते. यात यंत्रांची प्रगती झालेली आहे. गूगलने वाक्याचा संदर्भ ओळखणारी 'बर्ट' नावाची पद्धत डिसेंबर २०१९ मध्ये ७० हून अधिक भाषांना लागू केली, त्यांत मराठीही होती. तरी शहाणपण असे, की मथळ्यात नावाचे मूळ रूप ठेवावे आणि मजकुरात बाकीची रूपे स्वाभाविकपणे येऊ द्यावीत.

तिसरी गोष्ट बोलण्याची. ऑगस्ट २०१७ पासून मराठीत बोलून शोधण्याची सोय गूगलवर झाली. ज्याला टंकलेखन जमत नाही तो शेतकरी आता मोबाइल तोंडाजवळ धरून विचारतो, 'सीताफळावर पांढरी कीड पडलीय, काय फवारावं?' लिहिणारा दोन-तीन शब्दांत भागवतो. बोलणारा पुरे वाक्य बोलतो. म्हणजे बोलून शोधण्याने प्रश्न आपसूकच लांब झाले आणि बोलीभाषेत आले. उत्तर लिहिणाऱ्याने याची दखल घ्यावी. 'पिठ्या ढेकणाचा प्रादुर्भाव' असे शास्त्रशुद्ध शब्द असू द्यावेत, पण शेजारी 'म्हणजे फळावर दिसणारी पांढरी, कापसासारखी कीड' असेही असावे. पुस्तकी शब्द आणि शिवारातला शब्द एका ओळीत भेटले, की विचारणारा आणि सांगणारा यांची गाठ पडते.

ही विद्या केवळ विक्रीची आहे असे समजू नका. मांजरसुंब्याजवळच कपिलधार आहे. तेथे मन्मथस्वामींची समाधी आहे, आणि कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्रातूनच नव्हे, तर कर्नाटक आणि तेलंगणातूनही भाविक येतात. त्यांचे प्रश्न पाहा. मांजरसुंब्याला उतरल्यावर पुढे वाहन मिळते का? म्हाताऱ्या माणसाला समाधीपर्यंत जाता येईल का? यात्रेत मुक्कामाची सोय कोठे? धबधब्याला पाणी कोणत्या महिन्यात असते? 'कपिलधार' या एका शब्दावर सुंदर छायाचित्रे पुष्कळ सापडतील. पण म्हाताऱ्या आईला घेऊन निघालेल्या मुलाला छायाचित्राचा काय उपयोग? त्याला पायऱ्या किती आणि सावली कोठे हे हवे असते. ते सांगू शकेल असा माणूस त्या पंचक्रोशीतच असतो. त्याने लिहिले नाही, तर कोठेतरी दूर बसलेला कोणी ऐकीव माहितीवर लिहील आणि भाविकाची फजिती होईल.

शिक्षकांना माझी येथे एक विनंती आहे. सातवी-आठवीच्या मुलांकडून आपल्या गावाची एक प्रश्नवही करून घ्या. बाहेरगावचा माणूस आपल्या गावाविषयी काय विचारील, हे मुलांना विचारा. एकेका मुलाने एकेक प्रश्न घ्यावा, जाणत्या माणसांकडे जाऊन उत्तर मिळवावे आणि ते दहा ओळींत लिहावे. पहिल्या दोन ओळींत उत्तर, मग तपशील, शेवटी कोणी सांगितले आणि केव्हा सांगितले. यातून मुलांना प्रश्न नेमका करण्याची सवय लागते. 'दुष्काळाची माहिती' हा विषय विस्कळीत आहे. 'आमच्या गावात १९७२ साली रोजगार हमीचे कोणते काम निघाले?' किंवा 'त्या साली खोदलेली विहीर आज कोणाच्या उपयोगी पडते?' हा प्रश्न मुलाला थेट आजोबांच्या ओट्यावर घेऊन जातो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. तेथे आधार देऊन लिहिता येते, जाहिरात मात्र चालत नाही. शाळेचे स्वतःचे पान असेल तर उत्तमच. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली आपली पाच सूत्रे मांडली. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक गाठून द्यावा, असा त्यांतल्या एकाचा आशय आहे. लांब शोधवाक्यांची सारी विद्या त्या एका सूत्राच्या पोटात बसते.

आता थोडे सावधगिरीचे. जेथे उपयोगाची विद्या असते तेथे तिचे भोंदूही असतात. 'तुमचे पान पहिल्या क्रमांकावर आणून देतो, अमुक हजार द्या' असे सांगणारे फोन तुम्हाला येतील. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलच सांगते. कोणी म्हणेल, 'पानाच्या पोटात शंभर कीवर्ड लपवून देतो.' अशा लपवलेल्या कीवर्डांच्या खुणा क्रम लावताना आम्ही पाहत नाही, हे गूगलने २००९ सालीच जाहीर केले आहे. कोणी एकाच परिच्छेदात 'मांजरसुंबा सीताफळ, सीताफळ मांजरसुंबा, स्वस्त सीताफळ मांजरसुंबा' असे वीस वेळा घोळवील. वाचणारा कंटाळतो आणि यंत्रही त्याला लबाडीच समजते. आणखी एक युक्ती म्हणजे एकच मजकूर घ्यायचा आणि नुसते गावाचे नाव बदलून पाचशे पाने काढायची. केजचे एक, पाटोद्याचे एक, चौसाळ्याचे एक. आत मात्र कोठल्याच गावाचे काही नाही. याचीही गणना शोधयंत्र फसवणुकीत करते. लांब शब्द हे आमिष नव्हे. ज्या प्रश्नाचे उत्तर तुमच्यापाशी नाही, तो प्रश्न मथळ्यात घालून माणसाला बोलावणे म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून चूल थंड ठेवण्यासारखे आहे.

काही गोष्टी या विद्येने साधत नाहीत, त्याही सांगायला हव्यात. पान सापडले म्हणून माल विकला जात नाही. पेटी नीट बांधली नाही, फोन उचलला नाही, वजनात खोट आली, तर दुसऱ्या खेपेला कोणी शोधणार नाही. पान लिहून लगेच दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येत नाही. कित्येकदा महिने जातात. म्हणून हंगाम तोंडावर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा उन्हाळ्यातच लिहून ठेवावे. शिवाय काळही बदलतो आहे. २०२४ पासून गूगलने आपल्या देशात शोधाच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने जुळवलेला सारांश दाखवायला सुरुवात केली, आणि कित्येकदा विचारणारा तेवढाच वाचून पुढे जातो, मूळ पानापर्यंत येतच नाही. लिहिणाऱ्याचे हे नुकसान खरे आहे. पण त्या सारांशालाही कोणीतरी लिहिलेला मजकूरच लागतो. यंत्र काही मांजरसुंब्याला येऊन फळाचे डोळे उघडलेले पाहत नाही. आणि ज्याला पेटी मागवायची आहे त्याला शेवटी माणसापर्यंत यावेच लागते.

याहून मोठी चिंता आपल्या भाषेची आहे. आपल्या शेतकऱ्याने, आपल्या विद्यार्थ्याने मराठीत प्रश्न विचारला आणि मराठीत नेमके उत्तरच कोणी लिहिलेले नसले, तर यंत्र त्याला भलतेच काही दाखवते. असे दोन-चारदा झाले, की त्याची समजूत होते, मराठीत विचारण्यात अर्थ नाही. मग तो मोडक्या इंग्रजीत विचारू लागतो, किंवा विचारणेच सोडून देतो. ज्या भाषेत उत्तर मिळत नाही त्या भाषेत माणूस प्रश्न विचारीनासा होतो, आणि याचा दोष यंत्राला देऊन भागणार नाही. उत्तर ठाऊक असलेली माणसे आपल्यात आहेत. ती लिहीत नाहीत, एवढेच.

तेव्हा श्रोतेहो, फार मोठे काही करू नका. या आठवड्यात तुम्हाला लोकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी एक निवडा. बियाण्याचा असेल, रस्त्याचा असेल, दाखल्याचा असेल, यात्रेचा असेल. तो विचारणाऱ्याच्या शब्दांत वर लिहा. खाली सरळ उत्तर लिहा. गाव, तालुका, जिल्हा पुरता लिहा, म्हणजे दोन मांजरसुंब्यांत घोटाळा होणार नाही. तारीख घाला. खोटे काही घालू नका. पुढच्या आठवड्यात दुसरा प्रश्न घ्या. वर्षभरात पन्नास उत्तरे होतील, आणि त्यांतले एखादे अगदी अडचणीच्या वेळी कोणा अनोळखी माणसाच्या हाती पडेल.